पंतांची शिकवणी

"ब्रूनो, कम! कम हिअर, बेटा!" कर्वेनगरच्या गल्लीबोळांतून हाका मारून मारून उल्काचा घसा बसला होता. ऐन दिवाळीत केस पिंजारलेले, पायांत दोन वेगळ्या चपला. लोक बघत होते. बघू देत मेले!

कुत्र्यासाठी एवढं कुणी रडतं का, असं वाटेल तुम्हाला. पण प्रश्न एकट्या कुत्र्याचा नव्हता. घरात तिचे सासरे, श्रीनिवासआप्पा, अर्धांगवायूने पलंगाला खिळलेले, वाचाही गेलेली. ब्रूनो परवा पळाला, तेव्हापासून दोन घोट पाण्यापलीकडे त्यांनी काही घेतलं नव्हतं. चमचा नेला की तोंड घट्ट मिटायचे. डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत बघू, नाहीतर दवाखान्यात नेऊन नळी घालावी लागेल. आणि खरं सांगू, या वयात, या अवस्थेत..." पुढचं त्यांनी गिळलं.

आणि हे कुणामुळे? उल्कामुळेच. नरकचतुर्दशीच्या सकाळी बाई हेडसेट लावून परदेशातल्या क्लायंटशी बोलत होत्या. त्याला कुठली आलीय दिवाळी! मंदीचं साल, टीममधली माणसं एकेक करून घरी बसत होती, कॉल चुकवायची कुणाची छाती? बोलता बोलता तिने दुधाच्या पिशव्या घ्यायला दार उघडलं, ते उघडंच राहिलं. खाली कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. कुत्रा तिच्या पायांतून निसटून गेला, तरी ही म्हणतेय, "येस, येस, बाय मंडे!" नवरा सलिल कंपनीच्या कामासाठी परदेशात, ऑनसाइट. तो तिकडून फोनवर ओरडण्यापलीकडे काय करणार, कपाळ!

कॅनॉलच्या रस्त्यावर कट्ट्यावर बापूराव बसले होते. आप्पांचे फिरण्यातले जुने सोबती. त्यांनी तिला दोनदा समोरून जाऊ दिलं, मग म्हणाले, "इंग्रजीतून बोलावताय होय?"

"म्हणजे?"

"तुमच्याकडून तो इंग्रजीत 'नो' आणि 'गो' एवढंच ऐकत आलाय, असं आप्पा म्हणायचे. यायचा कसा?"

घरात सगळा कारभार मराठीत आणि कुत्र्याशी मात्र इंग्रजी, ही आपल्याकडची थोर रीत! उल्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉल चालू असताना जवळ आला की 'नो', मांडीवर डोकं ठेवलं की 'गो'. तिने त्याला दुसरं दिलं होतं काय?

"आप्पा त्याला काय म्हणायचे?"

"पंत. अहोजाहो करायचे. ऊन कललं की 'पंत, या, बसू जरा' म्हणून इथे बसायचे दोघं. मी विचारलं, काय करता हो रोज? तर म्हणे, शिकवणी चालू आहे, पंत शिकवतात."

भेदरून लपला असेल तर रोजच्या जागेपाशीच, असं वाटून उल्का कट्ट्याखालच्या मोरीपाशी गुडघ्यांवर बसली. "अहो पंत... या. बसू जरा."

काही नाही. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग आत काहीतरी सरकलं आणि चिखलाने माखलेलं नाक बाहेर आलं.

तिने त्याला कवटाळलं आणि घराकडे ओढलं. पण पंत कसले हलतात! ते उन्हाच्या तुकड्यात बसले. "अरे, तिकडे आप्पा जातील रे!" ती रडकुंडीला आली. पंत ढिम्म. शेवटी तीही मटकन खाली बसली. दोन दिवसांचा उपाशी, भेदरलेला जीव, पण वारा हुंगत, डोळे अर्धे मिटून असा बसला होता, जणू फटाके कधी वाजलेच नव्हते. काय मेल्याचं हे सुख! तिच्या गुडघ्यावर त्याचा ऊबदार कान टेकला आणि कित्येक महिन्यांनी तिच्या मनात पुढच्या कशाचा विचारच आला नाही. थोड्या वेळाने तो आपण होऊन उठला आणि घराच्या वाटेला लागला.

पंतांनी पलंगाच्या कडेवर हनुवटी ठेवताच आप्पांचे डोळे उघडले. त्यांचा धड हात त्याच्या कानांवरून फिरला. उल्काने धावत पेज आणली. "आप्पा, आता तरी घ्या!"

तोंड मिटलेलंच. तिचा बांध फुटला. "आता काय हवंय हो तुम्हाला? आणला ना मी त्याला!"

आप्पांनी वाटी कुत्र्याकडे ढकलली. पंतांनी लपालपा निम्मी पेज संपवली. शेपटी पलंगाच्या पायावर आपटत होती.

मग आप्पांनी तोंड उघडलं. ज्यांनी जन्मभर खरकट्या हाताने लोणच्याच्या बरणीला कुणाला शिवू दिलं नाही, त्या माणसाने! ती दुसरी वाटी आणायला उठू लागली, तर त्यांनी तिची ओढणी धरली. उल्का बसली आणि तीच उष्टी पेज त्यांना भरवू लागली.