वस्तादाची शिदोरी

नानासो गवंड्याने उभा जन्म लोकांची घरं बांधली. गुडघे गेल्यावर तो माशांची घरं बांधायला लागला.

कोरेगावात त्याच्या परसात सिमेंटच्या तीन टाक्या आहेत. टाकी बांधली आणि मासा सोडला, असं काम नसतं. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासा मरतो. म्हणून टाकी भरायची, केळीचा बुंधा कापून आत कुजत ठेवायचा, मग सगळं उपसायचं, घासायचं, पुन्हा भरायचं. पाणी जिभेला तुरट लागेनासं होईपर्यंत नानासो टाकीत मासा सोडत नसे.

हा सगळा खटाटोप एका माशापायी. लेक अंकिताने कॉलेजात असताना साताऱ्याहून बोटभर ऑस्कर जातीचा मासा आणला होता. बघता बघता तो तळहाताएवढा झाला. जाड ओठ, फुगीर कपाळ, काळ्या अंगावर निखाऱ्यासारखे ठिपके. त्याचं नाव पडलं वस्ताद. वस्तादाला गोळ्यांबरोबर अधूनमधून जितं खाणं लागायचं. दुकानातून आणलेल्या बारक्या माशांनी एकदा अंगावर पांढरे ठिपके उठवणारा रोग घरात आणला, तेव्हा नानासोने ठरवलं की वस्तादाचं खाणंही आपणच घरी वाढवायचं. डासांच्या अळ्या खायला डबक्यात गप्पी मासे सोडणाऱ्या आरोग्यसेविकेकडून त्याने ओंजळभर गप्पी मागून आणले.

गप्पी अंडी घालत नाही, जिती पिल्लं देते. आणि दिली की लगेच ती खायला बघते. नानासोने भाजीची जाळीदार टोपली पाण्यावर तरंगती ठेवली आणि पोटुशी मादी तीत सोडली. पिल्लं भोकांतून खाली निसटायची, आई वर अडकून राहायची. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून तो पिल्लांना चारायचा.

"माझ्या बाळंतपणाला एवढं केलं न्हाईसा," त्याची बायको अंबूबाई म्हणायची.

"तवा मी स्लॅबवर हुतो."

"आता कुणाचा स्लॅब ऱ्हायलाय? करा मग, समद्या गावच्या गप्पीची करा!"

मग अंकिताचं लग्न सांगलीला झालं. नवरीसोबत पाठराखीण म्हणून जाणार होती ती आत्या ऐनवेळी तापाने आडवी झाली. जीपमध्ये वस्तादाची काचपेटी चढवताना कुणीतरी ओरडलं, "ही घ्या पाठराखीण!" मांडवभर हशा उसळला आणि नाव चिकटलं.

महिना झाला नाही तोच अंकिताचा फोन आला.

"आण्णा, वस्ताद काय खात न्हाई. गोळी न्हाई, गांडूळ न्हाई. कोपऱ्यात पडून असतोय. शेजारीण सासूबाईंना म्हणाली, पाठराखीण उपाशी म्हंजी सून सुखात न्हाई. तवापासनं त्या मलाच ताटावर ताट वाढाय लागल्यात! मी सुखात हाय ओ. पर ह्या माशाला कोण सांगणार?"

ती हसत होती. शेवटी शेवटी मात्र हसू जरा ओलं झालं.

नानासोने दुसऱ्या सकाळची सांगलीची एसटी धरायची ठरवली. गप्पी रात्रभर उपाशी ठेवले, म्हणजे प्रवासात पाणी घाण होत नाही. रुंद तोंडाची बरणी निम्मी पाण्याने भरली, निम्मी हवेला सोडली. सगळं रीतसर झालं. एवढंच चुकलं, की घाईत त्याने जाळीला लागतील ते मासे घेतले. पोटुश्या वेगळ्या काढल्याच नाहीत.

एसटीत कंडक्टर पूजाने मांडीवरच्या बरणीकडे बघितलं. "काका, काय हाय ह्यात?"

"शिदोरी. लेकीकडं निघालोय."

शेजारी जतकडची धोंडुबाई बसली होती. थोरल्या लेकीकडून ती गावी परत निघाली होती. तिने बरणीला नाक लावलं.

"अय्यो! शिदोरी पवायलीया की ही!"

रहिमतपूर मागे पडलं, रस्त्यावर गचके बसायला लागले. धोंडुबाई बरणीवरची नजर हलवत नव्हती. जन्मभर मेंढ्या राखलेली बाई. पोटुशी तिला लांबून कळायची.

"बाबा, ह्या जाडीचं काय खरं न्हाई बघ. ही वितीया आता."

नानासोने डोळे बारीक केले. मादीच्या पोटाखालून एक काळा ठिपका सुटला, उलगडला आणि शेपूट हलवत पळाला. मागून दुसरा.

"बाळंत झाली!" धोंडुबाईने आरोळी ठोकली.

अख्खी गाडी उठून उभी राहिली. पूजाने घंटीची दोरी खेचली. "सावकाश घ्या ओ! गाडीत बाळंतीण हाय!" ड्रायव्हरने गाडी बाजूला दाबली. पुढच्या सीटवरच्या एकाने तर ॲम्ब्युलन्सला फोन लावायला घेतला. बाळंतीण बरणीत आहे म्हटल्यावर तो चपला न घालताच मागे धावत आला.

तेवढ्यात एका गप्पीने पिल्लू गट्ट केलं. बाया किंचाळल्या.

"डबा! रिकामा डबा हाय का कुणाकडं?" नानासो ओरडला.

धोंडुबाईने आपला डबा पुढे केला. नानासोने वास घेतला. "ठेचा हुता व्हय ह्यात? मरतील बिचारी!" मग पूजाने आपला डबा दिला. पिण्याच्या पाण्याने तो तीनदा विसळला, बरणीतलंच पाणी त्यात ओतलं आणि नानासो चमच्याने एकेक पिल्लू उचलायला लागला. भिंतीला गिलावा मारताना धरायचा तसा त्याने श्वास धरला होता. एक पिल्लू डब्यात पडलं की गाडीत टाळी पडायची.

"पैलं बाळंतपण म्हायेरात करायचं सोडून सासरला घिऊन निघालास व्हय रं?" धोंडुबाई म्हणाली. "आणि लेक काय करणार ह्यांचं?"

नानासोला खोटं जमत नव्हतं. "वस्ताद खाणार."



"कुठल्या तालमीचा ओ?" मागून एका म्हाताऱ्याने विचारलं. "सांगलीचं वस्ताद दूध-बदाम खात्यात. जितं मासं कवापासनं?"

आता सगळी कथाच सांगावी लागली: ऑस्कर, लग्न, पाठराखीण, उपास, विहीणबाईंची ताटं. बाया ऐकत होत्या. पाठराखीण उपाशी म्हटल्यावर दोघींनी तोंडाला पदर लावला. पण बाळंतीण खायला घालायची, हे कुणालाच पटेना.

धोंडुबाईने निवाडा केला. "ह्यात गडी कुठलं?"

"रंगीत शेपटीचं."

"मग गडीच दे खायाला. नुसतं शेपट्या मिरवत फिरत्यात. बाया द्यायाच्या न्हाईत!"

बायांनी एकमुखाने व्हय म्हटलं. पुरुष खिडकीबाहेरचा ऊस बघायला लागले.

विट्याला चहासाठी गाडी थांबली, तेव्हा बाकावर निवड झाली. नानासोच्या हातजाळीतून माद्या एका बाटलीत गेल्या. त्या आणि डब्यातली पिल्लं धोंडुबाईने मागून घेतली. तिच्या घरी टँकरचं पाणी साठवायची टाकी होती आणि तीत डासांच्या अळ्यांचा बाजार भरला होता.

"आमाला पाणी न्हाई आणि मी मासं न्यायलीया," ती इतकी हसली की बसल्या बाकावरून घसरली. डबा मात्र रिकामा करून परत पाठवायचा, असं पूजाने तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

सांगलीत विहीण सुलाबाई दारातच उभ्या होत्या. मागे अंकिता, चेहऱ्याने पहिल्यापेक्षा भरलेली. काचपेटी बैठकीच्या मधोमध, वर दिवा, भोवती शेजारच्या चार बाया. वस्ताद कोपऱ्यात फिकट पडून होता. नानासोने एक नर सोडला. वस्तादाचा डोळा फिरला, तोंड हललं नाही. आणखी दोन सोडले. ते त्याच्या नाकासमोर शेपट्या मिरवत फिरले. नाही. नानासोने मागे वळून बायांकडे बघितलं.

"रोज बघाय येत्यात का एवढ्याजणी?" त्याने विचारलं.

"व्हय की! सुनेची पाठराखीण म्हणल्यावर..." बोलता बोलता सुलाबाई थांबल्या. काचेकडे बघत राहिल्या. "आगं बया! मी नवी आले तवा समद्याजणी ताटासमोर बसून माझ्या तोंडाकडं बघायच्या. मला घास उतरायचा न्हाई. सांच्याला चुलीमागं चोरून खायची मी!"

त्यांनी दिवा मालवला, खांद्यावरची शाल काचपेटीवर टाकली आणि बायांना कोंबड्यांसारखं हाकललं. "उठा! जेवू द्या लेकराला!"

सगळी स्वयंपाकघरात जाऊन बसली. चहा ओतला, पण कुणी पीत नव्हतं. अंकिताने बशी तोंडाजवळ धरली होती, ती तशीच राहिली.

बैठकीतून आवाज आला. टप्प.

सुलाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

टप्प! आणि मागोमाग पाणी फरशीवर उडाल्याचा आवाज.

सुलाबाईंनी नानासोच्या पाठीवर अशी थाप मारली की चहा शर्टावर सांडला. मग त्यांना आपण कुणाला मारलं ते उमगलं. त्यांनी डोक्यावर पदर ओढला आणि पदराआड खो खो हसायला लागल्या. अंकिता आईच्या नंबरावर फोन लावत होती. हसण्याने बोट भलतीकडेच पडत होतं.

"पाव्हणं," सुलाबाई सावरून म्हणाल्या, "दर खेपंला कोरेगावासनं शिदोरी कशाला? वर गच्चीत टाकी बांधा. मी वाढवती गप्पी."

"पाणी बदलायला पाठ मोडतीया, विहीणबाई."

"माझी पाठ हाय."

नानासो गच्चीत जाऊन वितीने जागा मोजायला लागला. तेवढ्यात अंकिताचा फोन लागला आणि तिने तो वर आणून त्याच्या कानाला लावला. अंबूबाई विचारत होती, "खाल्लं का? मग कवा येताय?"

"टाकी बांधायची हाय. मग चुना उतरवायचा, बुंधा कुजवायचा. तवर न्हाई."

 मग अंबूबाईचं हसू कोरेगावातून सांगलीच्या गच्चीवर फुटलं.

"म्हंजी पाठराखीण बदलली म्हणा की!"