सरांच्या आंघोळीला लागलेली पऱ्हाटी

आमच्या नांदुऱ्याकडच्या गावात कापूस वेचून झाला, की उरलेल्या पऱ्हाटीची रवानगी थेट चुलीत. मी मात्र पुण्यात त्याच काड्यांवर पीएचडी करत होते. काडीला ताठ ठेवतं ते लिग्निन. काड्या शिजवून ते वेगळं काढायचं, रसायनांनी त्याला जरा नरम स्वभावाचं करायचं आणि त्यातून प्लास्टिकच्या जागी चालेल असा पत्रा ओतायचा. माझे पत्रे पापडासारखे मोडायचे. शेवटी एक वाकला, पण मोडला नाही! मी प्रयोगशाळेत चक्क नाचले, खोटं कशाला बोलू?

ती पऱ्हाटी आमच्याच शेतातल्या बिनफवारणीच्या तुकड्यातली. मार्गदर्शक सर म्हणाले, त्याच काड्यांतून पुन्हा तसाच पत्रा निघाला तरच प्रबंध पुढे जाईल. उरलेली एकच मोळी घरी गोठ्यात होती. ती न्यायला मी आले. शेत बघायचं म्हणून सरही आले.

सकाळी सर न्हाऊन, भांग पाडून ओसरीवर आले. "काय कडकडीत पाणी होतं हो!" म्हणाले. मी गोठ्यात गेले, तर मोळी गायब.

"आई! माही मोळी कुठी हाय?"

"जाळली ना! पुण्याचे पाहुणे, त्यायच्या पाण्याले काय वली पऱ्हाटी लावू? तीच खडखडीत होती."

माझं डोकंच फिरलं. "चार वर्सांचं काम जाळलं तुनं! तुले काही समजते काय?" सर ओल्या केसांनी मध्ये उभे. बिचाऱ्यांना कळेना, माफी मागायची तर कुणाची.

आईनं फुंकणी खाली ठेवली. "चार वर्सं झाले, फोनवर इच्यारते, काय शिकून राह्यली वं? तू म्हणते, तुले नाही समजत आई. मंग नाही समजलं मले."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक वर्ष तर गेलंच होतं, पुढच्या कापसापर्यंत थांबणं आलं. मी तिथंच चुलीपाशी बसले आणि तिला लिग्निन पहिल्यापासून सांगितलं. ती मन लावून ऐकत होती.

"पण बुडाची काडी लई येळ धगते," ती म्हणाली, "शेंड्याची भुर्रकन जळते. तू दोन्ही एकाच गंजात शिजवते काय?"

आम्ही एकत्रच शिजवत होतो. माझे पत्रे मोडायचे ते त्यामुळेच तर नव्हे? मी सरांकडे पाहिलं. सर वही आणायला आत पळाले.