चटणीतली तार

देवगाव फाट्याजवळच्या चटणीच्या कारखान्यात सुकेशनी सहा वर्षांपासून मेटल डिटेक्टरवर आहे. कारळाच्या, जवसाच्या चटणीची भरलेली पाकिटं पट्ट्यावरून एका चौकटीतून जातात. आत धातूचा कण असला तर भोंगा वाजतो आणि पट्टा थांबतो. दर तासाला लोखंड, पितळ आणि स्टीलचे बारके तुकडे पाकिटाबरोबर सोडून मशीन त्यांना पकडतंय का, हे ती बघते.

सुरुवातीला तिला यातलं काही कळत नव्हतं. मशीन बसवायला आलेले दत्तराव मिस्त्री तीन दिवस राहिले. आठवीत शाळा सुटलेल्या या बाईचा एकही प्रश्न त्यांनी हसण्यावारी नेला नाही. चौकटीत तारेची वेटोळी असतात, त्यांचा तोल साधलेला असतो आणि धातू आला की तो ढळतो. खारट, ओलसर मालानंही थोडा ढळतो. बारीक तार मात्र फसवी. ती कशी पडलीय त्यावर तिचं सापडणं. हे सगळं त्यांनी शांतपणे समजावलं. त्यांचं नाव ती आजही आदरानं घेते.

गेल्या दिवाळीआधी एका दुपारी भोंगा सारखा वाजू लागला. माल न्यायला गाडी दारात उभी होती. सुपरवायझर बन्सीधर वैतागला.

"ताई, आज मीठ जास्त पडलंय. मशीन जरा मंद करतो, म्हणजे बारीकसारीक गोष्टीला वाजणार नाही."

सुकेशनीनं वाजलेलं पाकीट उभं सोडलं. भोंगा वाजला. आडवं सोडलं, तर गप्प. पुन्हा उभं सोडलं, पुन्हा भोंगा.

"भाऊ, मिठाचं असतं तर कसंबी सोडलं तरी वाजलं असतं. हे एकाच अंगानं वाजायलंय. आत तार हाय."

बन्सीधरनं गाडीकडं पाहिलं, मग बटणावरचा हात काढला. "बघू मग."

तिनं पाकीट फोडून चटणी परातीतल्या पाण्यात कालवली. पाणी हळूहळू ओतून दिल्यावर तळाशी पेरभर लांबीची, केसासारखी तार चमकली. भरण्याआधी चटणी ज्या चाळणीतून जाते, तिची जाळी तुटली होती.

पट्टा बंद झाला. दर तासाच्या तपासणीत मशीन शेवटचं बरोबर निघालं होतं, तेव्हापासूनचा सगळा माल बाजूला काढला, गाडीत चढवलेलाही उतरवला. पाकिटं उभी-आडवी सोडून बघितली, तेव्हा त्यातल्या आणखी दोन पाकिटांत तुकडे निघाले.

मालक सांबप्पा जिंतूरहून आले. तार तळहातावर घेऊन त्यांनी उजेडात धरून पाहिली.

"माझी नात हीच चटणी खातीय, बाई. लय उपकार झाले. काय देऊ तुला?"

"अप्पा, चाळणी रोज उघडून बघायला लावा."

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. कारखान्यातले लोक सुकेशनीचं कौतुक करतात, तेव्हा ती बन्सीधरचं नाव पुढं करते.

"मी नुसतं बोलले. गाडी दारात असताना त्यानं ऐकून घेतलं. दुसरा कुणी असता तर म्हणला असता, तुला काय कळतंय त्यातलं."