सुरुंगवाल्याचा डबल क्लिक

बाबा गेल्याला आता पाच महिने होतील. भेटायला येणारे अजूनही त्यांच्या धीट स्वभावाबद्दल बोलतात. मी मान हलवतो. डोळ्यांपुढे मात्र येतात ते माउस धरून घामाघूम झालेले बाबा.

गडचांदूरच्या एका चुनखडीच्या खाणीत ते सुरुंग लावायचे. त्या काळी आमच्या घरी एक जुना कॉम्प्युटर होता, चंद्रपूरच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून आणलेला. मॉनिटर ट्रंकेएवढा, त्यावर आईने शिवलेली झालरीची खोळ. हात धुतल्याशिवाय त्याला शिवायचं नाही, असा नियम होता. ताई आणि मी त्यावर गाड्यांची शर्यत खेळायचो. वळण आलं की आम्हीही खुर्चीसकट वळायचो. दुपारी खाणीत सुरुंग उडाले की टेबल हादरायचं आणि ताईची गाडी रस्ता सोडायची. संध्याकाळी बाबा घरी आले की ती त्यांना जाब विचारायची.

आणखी एक खेळ होता, करड्या चौकोनांचा. चौकोनांखाली सुरुंग लपलेले असायचे. चुकीचा चौकोन उघडला की सगळे फुटायचे आणि खेळ खलास. बाबांनी तो एकदाच खेळून पाहिला. दुसऱ्याच चौकोनाला सगळे सुरुंग एकदम फुटले. आम्ही हळहळलो, पण बाबा खूश.

"एकबी नाई राह्यला," त्यांनी आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं.

तुम्ही हरलात, हे आम्ही त्यांना चार वेळा समजावलं. सुरुंग न फुटता राहिला तर माणूस हरतो, सगळे फुटल्यावर कसा हरेल, असं त्यांचं म्हणणं.

मग खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. आज किती सुरुंग उडवले ते ज्याचं त्याने त्यात लिहायचं, असा हुकूम निघाला. सोमवारी साहेब परीक्षा घेणार होते. ज्याला कॉम्प्युटरवरची वही उघडता येणार नाही, त्याची बदली खाणीबाहेर, दगड फोडायच्या क्रशरवर. क्रशरवर दिवसभर धूळ खायची आणि वीस वर्षांत शिकलेलं सगळं विसरून जायचं. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

शिकवायचं काम माझ्याकडे आलं. घरच्या कॉम्प्युटरवर मी सरावासाठी तशीच एक वही बनवली. बाण हलवणं त्यांना लवकर जमलं. अडलं ते डबल क्लिकवर. ते एकदा दाबायचे आणि हात काढून मागे सरकायचे.

"बाबा, लगेच अजून एकदा दाबा."

"नाई."

"काऊन?"

"एकदा दाबलं अन् नाई उडालं, तर दुसऱ्यांदा हात नाई लावाचा. अर्धा घंटा थांबाचं."

"हा कॉम्प्युटर हाय, बाबा," ताई म्हणाली. "याच्यात कोण मरते?"

"मले मालूम हाय. हाताले नाई ना."

आणि ते खरोखरच घड्याळ बघून थांबायचे. तेवढ्यात ताई शर्यत खेळून घ्यायची. शनिवार असाच गेला. रविवारी दुपारपर्यंत बाबांनी क्रशरवर नाकाला बांधायला एक जुना पंचाही काढून ठेवला होता. ते पाहून मी स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरसोबत दिलेलं जाड पुस्तक काढून पहिल्यापासून वाचलं. त्यात सापडलं: माउसने एकदाच दाबायचं आणि मग कीबोर्डवरचं एंटरचं बटण.

बाबांनी आधी माउसला, मग एंटरच्या बटणाला बोट लावून पाहिलं. "म्हणजे माउसनं सुरुंग भराचा, अन् इथून उडवाचा," ते म्हणाले. हे त्यांना पटलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी ती वही पंचवीस वेळा उघडली.

सोमवारी बाबा घरी आले ते हातपाय धुऊन बसले. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग त्यांनी क्रमाने सांगितलं. साहेब कॉम्प्युटरला खेटूनच बसले होते. बाबांनी माउसने एकदा दाबलं. वही निळी झाली. मग त्यांनी कीबोर्ड उचलला, तार पुरेल तितके मागे गेले, पाठ फिरवली आणि साहेबांना म्हणाले, साहेब, तुमी बी मांगं सरका.

"सरकले?" आईने विचारलं.

"नाई सरकतीन? पार दारात जाऊन उभे राह्यले. मंग दाबलं मी."

"अन्?"

"उघडली वही." बाबांनी तांब्या तोंडाला लावला, अर्धा रिकामा केला. "साहेब म्हणाले, तुम्ही खाणीतच बरे."