पालथा हात

शंकरदादा गेला त्या दिवशी मला रडायला सवड नव्हती. मंगरूळपीरच्या नातलगांना निरोप, पांढरं कापड, फुलं, आल्यागेल्यांचा चहा... सगळं वेळेवर झालं. एकच राहिलं. त्याचे हात छातीवर जोडायचे होते आणि उजवा वळेना. वहिनींनी हळूच माझं मनगट धरलं, म्हणाल्या, "राहू द्या बाई, असाच राहू द्या."

जऊळक्याजवळच्या नाल्यात बैलगाडी उलटली तेव्हा तो हात मोडला होता. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं कामट्या बांधल्या त्या मांडी घातलेला माणूस गुडघ्यावर हात टेकतो तशा, तळवा खाली ठेवून. तसा हात ठेवला की दादाला दुखत नव्हतं, म्हणून आम्हा सगळ्यांनाच ते बरोबर वाटलं. कामट्या सुटल्या तेव्हा हाड सांधलं होतं, पण तळवा वर होईना.

अकोल्याच्या डॉक्टरांनी समजावलं. कोपराखाली दोन हाडं असतात, हात आत वळला की एक दुसऱ्यावर आडवं येतं. त्या वळण्याला प्रोनेशन म्हणतात. दादाची हाडं त्याच स्थितीत एकमेकांना चिकटली होती. कापून सोडवली तरी पुन्हा चिकटायची शक्यता फार. मी व्यायाम, मालिश, मुंबईचे डॉक्टर, सगळं विचारून घेतलं. मराठीचा मास्तर असलेल्या दादानं एवढंच विचारलं, की हा शब्द आला कुठून?

डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं. मग दादानं वाशिमच्या वाचनालयात जाड कोश उघडून शोधलं. मूळ लॅटिन 'प्रोनस', म्हणजे पुढे झुकलेला, तोंड खाली केलेला. त्याच्या उलट 'सुपायनस', उताणा. संध्याकाळी ओट्यावर बसून मला म्हणाला, "कमल, एवढ्या मोठ्या शब्दातून निंगालं काय, तं पालथा. लेकरू पालथं पडते अन् मंग त्याले उताणं होता येत नाही, तसा हाये माहा हात."

"लेकराले आपण उचलून उताणं करतो, दादा."

"तेच तं. याले कोन करते?"

दुसऱ्याच दिवशी मी लोहाराकडून पितळेच्या चमच्याची दांडी वाकवून आणली, पालथ्या हातानंही घास तोंडाशी जावा म्हणून. दादाला पंगतीत सगळ्यांसारखं जेवायचं होतं. माझ्या मुलीच्या लग्नात तो चमचा घेऊन बसलाही. शेजारच्या पाहुण्यानं टोमणा मारला, "मास्तर, साहेब झाले काय?" दादा हसून म्हणाला, "हातात विलायती शब्द हाये, चमचा तं पायजेच." सगळे हसले. पत्रावळ अर्धी टाकून तो केव्हा उठला, ते मला वाढताना दिसलंच नाही. त्यानंतर तो कुठल्याच पंगतीला गेला नाही. घरीही भिंतीकडे तोंड करून जेवायचा. मी व्यायाम बदलले, तेल बदललं, डॉक्टर बदलले...

तो चमचा वहिनींनी मला दिला. बाकीच्या चमच्यांत तो मावत नाही, म्हणून वेगळ्या खिळ्याला अडकवलाय. परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. चमचा काढून वरण घेतलं. नेहमीसारखा धरला, तर वरण साडीवर सांडलं. मग हात पालथा केला, कोपर दादासारखं उचललं. एक थेंब न सांडता वरण ओठांशी आलं... आणि तोंड उघडवेना.