चाचींचं पत्रक

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील चळवळीतले, त्यामुळे आमच्या घरी धान्याच्या पोत्यांशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. ती सगळी छापायचे जवळा बाजार गावचे एक चाचा, वडिलांचे मित्र. त्यांच्या छापखान्याला टाळं लागून वर्षं झाली. जपून ठेवलेले कागद वाळवीने खाल्ले. सुदैवाने एका संस्थेने मागे कधीतरी त्या पत्रकांचे फोटो काढून आपल्या वेबसाईटवर ठेवले होते. यंदा तिथे सूचना झळकली: महिनाअखेरीस ही वेबसाईट बंद होत आहे.

चाचांना त्यातलं एकच पत्रक हवं होतं. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या मजुरीबद्दल चाचींनी लिहिलेलं. चाची आता नाहीत. त्यांचं छापलं गेलेलं लिखाण तेवढंच. पण ते कोणत्या साली निघालं हे चाचांना आठवेना, आणि वेबसाईटवर एकेका सालाची सगळी पत्रकं एकाच भल्यामोठ्या फाईलमध्ये बांधलेली. सगळी सालं उतरवून घेतल्याशिवाय इलाज नव्हता.

"मिळंल न्हवं बेटा?" चाचांनी विचारलं.

"मिळणारच," मी सभेत बोलावं तसं म्हणाले.

आमचं चौघांचं अभ्यासमंडळ आहे. आम्ही रीतसर बैठक घेतली. कामाची समान वाटणी हे आमचं तत्त्व, एकावर भार टाकायचा नाही. सालं सारखी वाटून घेतली आणि चौघंही आमच्या घरच्या एकाच वायफायवर, एकाच वेळी, आपापला लॅपटॉप उघडून बसलो. गावातलं नेट आधीच जेमतेम. फाईल रांगत रांगत निम्म्यावर यायची, तेवढ्यात नेट तुटायचं किंवा लाईट जायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग आम्ही काय करावं? दुसरी बैठक घेतली. तिच्यात संस्थेच्या निषेधाचा ठराव झाला. मसुदा मी लिहिला, चांगला कडक लिहिला. फाईल मात्र एकही उतरली नाही.

माझी वहिनी ऑनलाईन अर्ज भरायच्या केंद्रात काम करते. एका संध्याकाळी ती लवकर घरी आली आणि आमची पंगत बघून दारातच थांबली.

"काय करून राहिले हो तुमी?"

मी सांगितलं.

"पण चौघं एकदम काहून? एका नळाला चार पाईप लावल्यावर पाणी कुठवर जाईल?"

"सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून."

"मग मिळालं की बराबर! सगळ्यांना सारखंच, काईच न्हाई."

माझे साथीदार हसले. मला हसू आलं नाही. महिना सरत चालला होता.

वहिनीने माझ्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकलं. त्यात सगळ्या फाईलींच्या लिंक एकदाच भरायच्या. मग ते एकेक फाईल पाळीपाळीने उतरवतं. नेट गेलं की थांबतं, आलं की अडलं होतं तिथूनच पुढे जातं. कुणी बसून राहायची गरज नाही. मला ते मनातून पटेना. माणसांनी मिळून करायचं काम यंत्रावर सोपवणं मला पळवाट वाटत होती, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

"धुणं मशीनमधी टाकता तवा न्हाई आठवत हे?" वहिनी म्हणाली आणि बाकीच्यांना वायफायवरून उठवलं.

थोड्याच वेळात लाईट गेली. पडद्यावरची हिरवी पट्टी जागच्या जागी थबकली. मी पडद्यासमोरच बसून राहिले. लाईट आली, राऊटरचे दिवे लुकलुकले, आणि पट्टी तिथूनच पुढे सरकली. मी उठले, हात धुतले आणि जेवायला बसले. कितीतरी दिवसांनी भाकरीची चव कळली.

महिना संपायच्या आत शेवटचं सालही उतरलं. मी लॅपटॉप घेऊन चाचांच्या ओट्यावर गेले आणि पानं पुढे सरकवू लागले. चाचा ओळखत होते: "हे विहिरीचं. हे वीजबिलाचं, ह्याला लई भांडणं झाली." मग त्यांनी एकदम माझं मनगट धरलं.

पत्रक फिकट होतं, पण अक्षर न् अक्षर लागत होतं. चाचा ओठ हलवत शेवटपर्यंत वाचत गेले. मी दुसरीकडे बघत राहिले.

"शाई पुरली न्हवती त्या टायमाला," ते म्हणाले. "असलं फिकं काहून छापलं म्हून लई रागावली. बोललीच न्हाई माझ्याशी."

"वाचता येतंय की, चाचा."

"येतंय ना. तेच म्हणतो मी. उगंच रागावली." त्यांनी डोळे पुसले आणि हसले. "आता करू दे त्यांना बंद काय करायचं ते."

मग लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला आणि पुन्हा वरपासून सुरुवात केली. या खेपेला मोठ्याने, आत स्वयंपाक करणाऱ्या सुनेला ऐकू जाईल असं. मी भिंतीला टेकून बसले आणि ऐकत राहिले.