पंखाखालचा जोड

वेल्डरकाकांचा आयुष्यभराचा एकच हट्ट: जोड दिसता कामा नये. चाळीस वर्षं त्यांनी फाटकं, जाळ्या, जिने जोडले आणि प्रत्येक जोड ग्राइंडरनं असा घासला की माशीनंही घसरावं. त्यामुळे शिल्पकारबाई लोखंडाचे तुकडे घेऊन दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "याचा पक्षी करायचाय. जोड मात्र ओबडधोबडच राहू द्या," तेव्हा काकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. उलटा शर्ट घालून बाजारात फिरण्यातलाच हा प्रकार. तरी शब्द दिला. बावीस जोड तसेच ठेवले. पंखाखालचा तेविसावा मात्र, राहवलं नाही म्हणून, गुपचूप घासून टाकला.

पक्षी कलादालनात गेला आणि काकांना अन्न गोड लागेना. बाईंचं काम आपल्या हातून बिघडलं की काय? शेवटी कबूल करायचंच ठरवून ते काकूंना घेऊन निघाले.

रस्त्यावर पर्यटकांची ही झुंबड. टोप्या विकणारे, फोटोसाठी वाट अडवणारे, बसगाड्यांची रांग. दार लोटून आत गेले तर इतकं शांत, की काकांना स्वतःच्या बुटांच्या करकरीची लाज वाटली. पांढऱ्याशुभ्र खोलीत मधोमध पक्षी उभा होता.

"अहो, याच्यासाठी इस्त्रीचे कपडे?" काकू कुजबुजल्या. "आपल्या दुकानामागे याहून बरं भंगार पडलंय."

"हळू बोल. हे भंगार मीच जोडलंय."

तेवढ्यात बाई आल्या. काकांनी घसा खाकरला. "बाई, एक चूक झालीय माझ्याकडून. तो पंखाखालचा..."

"घासलात. त्याच दिवशी दिसलं मला."

"मग बोलला नाहीत ते?"

"तावातावानं बोलायलाच निघाले होते. आधी हात फिरवून बघितला, आणि राग कुठे गेला कळलं नाही. आता येणारा प्रत्येक माणूस तिथंच हात लावतो. आमचा रखवालदार सांगून सांगून दमला."

खुर्चीवरच्या रखवालदारानं कपाळाला हात लावला.

काकू वाकल्या. पंखाखाली त्यांनी बोटं एकदा पुढे, एकदा मागे फिरवली. मग म्हणाल्या, "आपल्या घराच्या फाटकासारखा हाताला लागतोय."

काका नुसते शर्टाची कॉलर नीट करत राहिले.

इतक्यात पाठीवर पिशव्या लटकवलेलं एक जोडपं आत शिरलं. काकू थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "हे आमच्या यांनी केलंय. अहो, लांबून काय बघताय? पंखाखाली हात घालून बघा."

रखवालदार अर्धवट उठला होता, तो परत बसला.